फॉरमॅट मारायच्या आधी डिस्क बघणारा माणूस : राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याबद्दल

कोल्हापुरात राजारामपुरीत मेन रोड सोडून आत गल्लीत घराच्या पुढच्या खोलीत हे दादा कॉम्प्युटर दुरुस्ती करतात. बाहेर पाटी नाही, त्यामुळं नाव देता येत नाही. पण जुनं मशीन ‘फॉरमॅट मारू की नको’, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकू की नको, या विचारात असलेल्यांना त्यांची कामाची पद्धत कळावी म्हणून लिहिते आहे.

माझं शाहूपुरीत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडून द्यायचं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, सीझनला तालीम मंडळांचे फ्लेक्स. मशीन चौथ्या जनरेशनचं आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून कर्सर मोकळा होईपर्यंत पाच-सहा मिनिटं जात होती. गिऱ्हाईक शेजारी बसून नावातली वेलांटी दुरुस्त करायला सांगतंय आणि पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर पांढरं पडून थांबलंय, असं रोजचं झालं होतं. आधी ज्या दुकानात विचारलं तिथं मशीन न उघडताच ‘फॉरमॅट मारू, संध्याकाळी घेऊन जा’ असं उत्तर आलं. वर विंडोजची लाइफटाइम की स्वस्तात टाकून देतो म्हणाले. मी मशीन परत आणलं.

या दादांनी पहिल्यांदा टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर जवळजवळ रिकामा आणि डिस्क सतत १०० टक्के. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून स्क्रीन माझ्याकडं वळवली. पिवळ्या रंगात ‘कॉशन’, खाली रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांचे आकडे. ‘ताई, विंडोजला काय झालं नाही, डिस्क खराब होत चाललीय. हिच्यावरच नवीन विंडोज टाकलं तर थोडे दिवस बरं वाटेल आणि एक दिवस सगळंच जाईल.’ पेंडिंग सेक्टर म्हणजे जिथलं वाचायला डिस्कला जमत नाही आणि ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते. मशीन अडकायचं कारण तेच होतं. ही तपासणी फुकट आहे आणि दहा मिनिटांत होते. मशीन फॉरमॅटला देणाऱ्या प्रत्येकानं आधी ती मागून घ्यावी, असं मला कळकळीनं वाटतं.

त्यांनी सुचवलेला मार्ग मला मनापासून पटला. नवीन एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क घ्यायची, विंडोज कोरं तिच्यावर टाकायचं आणि जुन्या डिस्कला हातच लावायचा नाही. ती काढून पिशवीत घालून माझ्याच ताब्यात. काही राहिलं तर तिथून काढता येतं, म्हणून ‘क्लीन इन्स्टॉल’ची अर्धी भीती तिथंच संपली. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल का नको, तेही विचारलं. खराब सेक्टरवर क्लोन मध्येच अडकू शकतो आणि शिवाय कधीच्या विकलेल्या प्रिंटरचे ड्रायव्हर, ट्रायल संपलेले अँटीव्हायरस हे सगळं नव्या डिस्कवर जसंच्या तसं येतं.

आमच्या धंद्यात खरी मेख फॉन्टची आहे. लोक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करतात, पण फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडं सारखे चालणारे नाहीत. तो नेमका फॉन्ट नसेल तर पत्रिकेची जुनी फाइल उघडल्यावर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. दादांनी फॉन्टचं पूर्ण फोल्डर, डोंगलचा (सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला लावून ठेवायच्या किल्लीचा) ड्रायव्हर, ब्राउझरमधले पासवर्ड असं सगळं कागदावर लिहून काढलं आणि एकेक टिक करत बॅकअप घेतला. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्यांना ते टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करायला लावतात, नाहीतर नव्या विंडोजवर ते चालू करताना अडचण येते. असा विचार करणारा माणूस विरळा.

विंडोजची की लागलीच नाही. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलली तरी चालतं. सेटिंग्जमध्ये तसं लिहिलेलं त्यांनी आधीच दाखवलं होतं. विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह माझ्यासमोर मायक्रोसॉफ्टच्या टूलनं केला, ८ जीबीचा पुरतो. चोरीचं विंडोज चालू करणारा ॲक्टिव्हेटर नाही, डिफेंडर हा विंडोजचाच अँटीव्हायरस बंद करणं नाही. जाता जाता बोर्डावरचा बटन सेल बदलला, कारण घड्याळ मागं जाऊन वेबसाइट उघडेनात. रॅम ८ जीबी केली. मजुरी ८०० रुपये, एसएसडी आणि रॅमचे वेगळे.

विंडोज ११ मात्र या मशीनवर रीतसर बसत नाही. त्याला इंटेलचा किमान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मायक्रोसॉफ्ट खातं जोडून नाव नोंदवलं तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात, ते त्यांनी चालू करून दिलं. बँकेचं काम या मशीनवर करू नका, हेही स्पष्ट सांगितलं. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंटचा पर्याय त्यांनीच काढला होता. नुसतं इंटरनेट आणि पत्रं लिहिणाऱ्याला ते उत्तम, पण पेजमेकर आणि डोंगलवर पोट असलेल्यांना नाही.

आता मशीन अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार असतं. पत्रिकेच्या फाइल लगेच उघडतात. दहा बाय वीसच्या फ्लेक्सला कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर अजूनही दमतं, कारण प्रोसेसर तोच आहे. हे त्यांनी पैसे घेण्याआधी सांगितलं होतं.

नावडलेलं एवढंच की मराठी कीबोर्ड विचारल्याशिवाय इनस्क्रिप्ट लेआउटचा लावून दिला. आमच्यासारख्यांची बोटं टाइपरायटरच्या लेआउटवर बसलेली असतात, ते दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून घ्यावं लागलं. फोन क्वचित उचलतात, थेट गेलेलं बरं. आणि जीएसटीचं बिल मिळत नाही. कंपनीच्या नावानं खर्च दाखवायचा असेल तर एसएसडी आणि रॅम बिल देणाऱ्या दुकानातून स्वतः घ्या आणि यांच्याकडून फक्त बसवून घ्या. त्याला ते नाही म्हणत नाहीत.