राणीचं वजन ३८ वरून ३१ किलोवर: ग्रॅमचा काटा, डाएटचं खाणं आणि सकाळचा एक डबा

कुत्र्याचं वजन कमी करण्याचं खास कोरडं खाणं, एकेक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि हळू खायला लावणारं खाचांचं भांडं, या तीन गोष्टी गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी आल्या. आता श्रावण लागलाय. राणी लॅब्राडोर आहे, दहावं वर्ष चालू आहे, नसबंदी झालेली आहे. सुरुवातीला तिचं वजन ३८.४ किलो होतं, आज ३१.६ आहे. तिन्हींतलं सगळ्यात उपयोगी काय असं कुणी विचारलं तर मी काट्याचं नाव घेईन. खाणं उत्तम आहे, पण मापात दिलं नाही तर महागाचं खाणंही अंगावरच चढतं.

खरेदीच्याही आधी तपासण्या करून घ्या, हे मात्र कळकळीनं सांगते. म्हातारं कुत्रं जाड होतं ते दरवेळी खाण्यानंच होतं असं नाही. थायरॉइड कमी पडलं तर थोडक्या खाण्यावरही वजन चढतं, कातडी आणि केस खराब होतात, कुत्रं सुस्तावतं. कुशिंग नावाच्या आजारात पोट लोंबतं, तहान आणि भूक दोन्ही वाढतात. खाजेसाठी स्टिरॉइड चालू असेल तरी भूक खवळते. राणीचं रक्त तपासलं, त्यात थायरॉइडसाठी टी-फोर आणि टीएसएच बघितलं, किडनी आणि लिव्हरही बघितलं. सगळं ठीक निघालं. मागचे पाय ती जड टाकायची, म्हणून शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. खंबाटकी ओलांडून जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, पण खुब्याच्या सांध्याची झीज नेमकी किती आहे ते कळलं आणि पुढचं सगळं त्यावर ठरलं.

डॉक्टरांनी तिच्या जाडीला नऊपैकी आठ गुण दिले. या मोजपट्टीत चार-पाच म्हणजे योग्य आणि नऊ म्हणजे अतिजाड. पाचच्या वरच्या प्रत्येक गुणाला साधारण दहा-पंधरा टक्के जास्तीचं वजन धरतात. घरी बघायची सोपी रीतही त्यांनी दाखवली. आपला हात उपडा ठेवून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं की हाडं जशी लागतात, तशा कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. राणीच्या बरगड्या तळहातासारख्या लागायच्या, म्हणजे मऊ, आणि हाड शोधावं लागायचं. आता त्या लागतात. वरून पाहिलं की कंबरही दिसते.

खाण्याचा हिशोब असा. तिचं योग्य वजन ३० किलो धरलं. वजनाचा ०.७५ वा घात काढून त्याला ७० ने गुणायचं, हे पशुवैद्यांचं नेहमीचं सूत्र. त्यातून दिवसाला साधारण ९०० किलोकॅलरी निघतात. यातल्या १० टक्क्यांच्या वर खाऊ द्यायचा नाही, म्हणजे ८१० खाण्यातून आणि ९० बाकी सगळ्यातून. आमच्या पाकिटावर १०० ग्रॅमला २९० किलोकॅलरी लिहिलंय, म्हणून दिवसाचे २८० ग्रॅम. तुमच्या पाकिटावरचा आकडा वेगळा असेल, तो बघूनच गणित करा. आणि पाकिटामागच्या तक्त्यात आजचं नव्हे, जे वजन गाठायचंय ते धरा.

नेहमीचंच खाणं निम्मं केलं तर चालणार नाही का, असं बरेच जण विचारतात. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं आणि कारण मला पटलं. नेहमीचं खाणं निम्म्यावर आणलं की प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि क्षारही निम्म्यावर येतात. म्हाताऱ्या कुत्र्याचं मग चरबीबरोबर मांसही झडतं, आणि सांधे धरून ठेवतं ते मांसच. डाएटच्या खाण्यात कॅलरी कमी, प्रथिनं आणि तंतू जास्त, त्यामुळे पोटाला आधार राहतो. राणीच्या मांड्या दर महिन्याला आम्ही हातानं चाचपतो, त्या उतरलेल्या नाहीत. किडनीचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला मात्र हे खाणं विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि जाड मांजरावर ही पद्धत जशीच्या तशी लावू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर बेततं.

आता काट्याबद्दल. पाकिटाबरोबर आलेला प्लास्टिकचा कप आम्ही आठवडाभर वापरला. मग एकदा घरातल्या सगळ्यांना तोच कप भरायला लावला आणि प्रत्येकाचा कप काट्यावर ओतला. माझा १०८ ग्रॅम भरला, मुलीचा ९५, आबांचा १३०. कप तोच, खूण तीच. आबा थोडं शीग लावून भरतात, धान्य मापायची जुनी सवय. दोन वेळचा फरक धरला तर दिवसाला दीड-दोनशे किलोकॅलरी इकडच्या तिकडे होतात. त्या दिवसापासून कप बंद झाला.

पण मोजून दिलं तरी घरात माणसं पाच, आणि पाचही जणांचा तिच्यावर जीव. आबांचा सगळ्यात जास्त. साताऱ्याच्या घरात कंदी पेढा कायम असतोच, आणि संध्याकाळी देवापुढचा पेढा अर्धा आबांचा, अर्धा राणीचा, ही वर्षानुवर्षांची रीत. वीस-पंचवीस ग्रॅमचा पेढा म्हणजे खवा आणि साखर, ऐंशी-शंभर किलोकॅलरी. म्हणजे अर्ध्या पेढ्यातच दिवसाच्या खाऊतला निम्मा वाटा गेला. ज्वारीच्या एका भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे दोनशेच्या वर. चहाबरोबरचं ग्लुकोजचं एक बिस्कीट पंचवीसच्या आसपास. आबा डॉक्टरांना म्हणाले, "अहो, तिचं वय झालंय, आता तरी पोटभर खाऊ दे." डॉक्टर म्हणाले, "आबा, तिचं पोट भरलं की समाधान तुमचं होतं, पण तो भार तिच्या खुब्यांना उचलावा लागतो." ते ऐकून आबा शांत झाले, पण नुसतं "देऊ नका" म्हणून कुणाचा हात थांबत नाही. आणि थांबवूही नये असं माझं मत आहे. म्हाताऱ्या माणसाला आणि म्हाताऱ्या कुत्र्याला ती संध्याकाळची पाच मिनिटं हवीच असतात.

म्हणून आम्ही सकाळी एकदाच दिवसभराचं खाणं काट्यावर मोजून एका स्टीलच्या डब्यात भरतो. दिवसभरात कुणीही काहीही द्यायचं ते या डब्यातूनच. त्यातलेच तीस ग्रॅम एका छोट्या डबीत आबांच्या देवघराशेजारी ठेवतो. देवाचा दिवा लागला की राणी येऊन बसते, आबा डबीतून एकेक दाणा काढून देतात. तिला पेढाच पाहिजे असं कधी दिसलं नाही, तिला आबांच्या हातचं हवं असतं. डबा रिकामा झाला की दिवस संपला. डब्याबाहेरचा खाऊ म्हणून फक्त काकडी, गाजर, उकडलेला दुधी किंवा बिनमिठाचा उकडलेला घेवडा. द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत, ते कुणीही द्यायचं नाही. सगळ्या उपायांत मला हा डबा सगळ्यात मोलाचा वाटतो.

लॅब इतकं हावरट का, याचंही थोडं उत्तर मिळालंय. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की बऱ्याच लॅब्राडोरमध्ये, साधारण चौघांत एकामध्ये, पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्यांचा खाण्याकडे ओढा जास्त असतो आणि वजनही जास्त भरतं. त्यामुळे तुमचं लॅब ताटाशी येऊन डोळ्यांत बघत बसलं तर त्याला लाडावलेलं म्हणू नका, त्याला खरंच भूक वाटत असेल. दुसरा अभ्यास २००२ साली छापून आला. ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं. कमी खाणारी कुत्री साधारण १.८ वर्षं जास्त जगली आणि सांध्यांचा त्रासही त्यांना उशिरा सुरू झाला. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं म्हणजे केवढी, ते कुत्रं पाळणाऱ्याला सांगायला नको.

भांड्याबद्दल थोडक्यात. आधी एका दमात संपवायची, आता खाचांतून दाणे काढत पाच-सात मिनिटं रमते. धुवायला मात्र कटकट आहे, खाचांत चिकटलेलं ब्रशनंच निघतं.

व्यायामानं वजन उतरेल ही आशा म्हाताऱ्या कुत्र्याबाबत फार धरू नका, उतरतं ते खाण्यानं. चालणं सांध्यांसाठी आणि मांसासाठी. तरुणपणी राणी अजिंक्यताऱ्याचा रस्ता चढायची. आता गोडोलीतल्या सपाट गल्ल्या, पंधरा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. एकदम लांब नेलं तर दुसऱ्या दिवशी पाय आखडतात. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत आणि रात्री, कारण जाड कुत्र्याला उन्हाचा झटका लवकर बसतो. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही तेव्हा डब्यातले मूठभर दाणे घरभर टाकतो आणि ती वास घेत शोधत फिरते. फरशीवर घसरू नये म्हणून गोणपाट टाकलेत. लंगडली म्हणून माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक गोळी चुकूनही देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते.

वजन सरळ रेषेत उतरलं नाही. आठवड्याला एक ते दोन टक्के हा वेग सुरक्षित मानतात, राणी बहुतेक वेळा त्याच्या खालीच राहिली, आणि या वयात डॉक्टरांना तेही चाललं. होळीच्या सुमारास काटा ३५ वर अडला. डबा तर रोज बरोबर भरत होता. मग कळलं की पेपर टाकणारा मुलगा रोज पहाटे फाटकातून बिस्किटं देतो. त्याला आम्ही डब्यातलेच दाणे पुडीत बांधून दिले, तो खूश, राणीही खूश. त्यानंतर डॉक्टरांनी खाणं २५० ग्रॅमवर आणलं आणि गाडी पुढे सरकली. ३६ च्या खाली आली तेव्हाच जिना चढताना थांबणं कमी झालं होतं. आता ती सोफ्यावर स्वतःहून चढते, हे मी दोन वर्षांनी पाहिलं.

नावडतं तेही सांगते. खाणं महाग आहे, मोठ्या कुत्र्याला तर खिशाला चांगलंच लागतं. साताऱ्यात पाकीट वेळेवर मिळत नाही, पुण्याहून मागवावं लागतं, म्हणून एक पाकीट कायम जास्तीचं ठेवतो. पावसाळ्यात उघडं पाकीट सादळतं, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. शी सुरुवातीला जास्त होते, तंतूंमुळे, म्हणून नवं खाणं आठवडा-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. पहिला काटा आषाढातल्या दमट हवेत बिघडला, दुकानदारानं बदलून दिला नाही. घेताना वजन शून्यावर आणायचं बटण आणि साधे पेन्सिल सेल असलेला घ्या.

पुढचं उद्दिष्ट ३० ते ३१. तिथं पोचल्यावर खाणं एकदम वाढवायचं नाही, दहा टक्के वाढवून दोन आठवडे वजन बघायचं, मग ठरवायचं. डबा चालूच राहील.

वजन करायला दर पंधरवड्याला दवाखान्यात जायची गरज नाही. मार्केट यार्डातल्या ओळखीच्या आडतीत धान्याच्या पोत्यांचा काटा जमिनीलगत असतो, राणी त्यावर स्वतः चढून बसते आणि हमाल मोठ्यानं आकडा सांगतात. दहाच्या आत जा, नंतर गाड्या लागतात आणि काटा मोकळा मिळत नाही.