‘द वॉल’ की ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’: तक्रारी वाचून निवड करा

हवामानबदलाने बिघडलेल्या जगावरची एकच कादंबरी सध्या वाचायची असेल, तर जॉन लँचेस्टर यांची ‘द वॉल’ (२०१९) आणि किम स्टॅनली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ (२०२०) ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्हींवर भरपूर लिहून आलं आहे. पण त्यातलं कौतुक वाचून निवड करता येत नाही. ‘काळाची नस पकडणारी’, ‘अस्वस्थ करणारी’ हे शेरे दोन्हींना चालतात. तक्रारी मात्र एकमेकींच्या अगदी उलट आहेत: लँचेस्टर फारच कमी सांगतात आणि रॉबिन्सन फारच जास्त. तुम्हाला यातली कोणती अडचण चालण्यासारखी आहे, ते आधी ठरवा.

‘द वॉल’मध्ये समुद्राची पातळी वाढून जगातले सगळे किनारे बुडाले आहेत आणि ब्रिटनने आपल्या किनाऱ्याभोवती दहा हजार किलोमीटरची भिंत बांधली आहे. जोसेफ कॅव्हना हा तरुण तिच्यावर दोन वर्षांच्या सक्तीच्या पहाऱ्याला येतो. समुद्रातून येणाऱ्यांना सगळे ‘इतर’ म्हणतात. त्यांच्यातला एक जरी आत शिरला, तर त्याच्या बदल्यात एका पहारेकऱ्याला समुद्रात सोडून द्यायचं, असा नियम आहे. हे सगळं कशामुळे घडलं ते पुस्तक सांगतच नाही, नुसतं ‘बदल’ म्हणून पुढे जातं.

बुकर पुरस्काराच्या २०१९च्या दीर्घयादीत ही कादंबरी होती, लघुयादीत मात्र आली नाही. ब्रेक्झिट आणि ट्रम्प यांची सीमाभिंत या दोन्ही गोष्टी तेव्हा रोजच्या बातम्यांत होत्या, त्यामुळे बहुतेकांनी ती रूपककथा म्हणून वाचली. इथेच मतं फुटली. भाषा साधी, वेग उत्तम, गोष्ट हातातून सुटत नाही, असं एका बाजूचं म्हणणं. रूपक फार उघड आहे, पात्रं सपाट आहेत, जगाची बांधणी अर्धवट सोडली आहे, असं दुसऱ्या बाजूचं.

सपाटपणाचा आरोप मला अर्धाच पटतो. कॅव्हना आणि त्याच्यासोबत पहारा देणारी हिफा यांचं प्रेम खरोखरच पातळ उतरलं आहे, तिथे समीक्षकांचं चुकलेलं नाही. पण कॅव्हनाचा आवाज कोरडा असण्याला कारण आहे. आईवडिलांच्या पिढीने जगाची वाट लावली आणि त्याच जगात आपल्याला जन्म दिला, हे त्याच्या पिढीला माहीत आहे, त्या पिढीलाही माहीत आहे. त्यामुळे घरात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. सुट्टीवर घरी गेल्यावरची ती अवघडलेली पानं वाचा, कोरडेपणा कुठून येतो ते कळेल. सुरुवातीचा पहाराही तसाच. तिथे लँचेस्टर काँक्रीट, पाणी, आकाश, वारा एवढेच शब्द उलटसुलट मांडत राहतात आणि थंडीचे प्रकार सांगतात. काहींना ही पानं कंटाळवाणी वाटली. मला मात्र बारा तासांची पाळी त्यातूनच कळली.

‘मिनिस्ट्री’चं स्वागत वेगळ्याच दिशेने झालं. बराक ओबामांनी २०२०च्या आपल्या आवडत्या पुस्तकांत तिचं नाव घेतलं, बिल गेट्स यांनी २०२२च्या उन्हाळी यादीत ती सुचवली, पर्यावरणावर आयुष्यभर लिहिणारे बिल मॅककिबेन यांनी ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये तिच्यावर लिहिलं. धोरणं आखणाऱ्या, हवामानावर काम करणाऱ्या मंडळींनी ती अशी डोक्यावर घेतली, पण कादंबरी म्हणून वाचणाऱ्यांचं मन तितकं रमलं नाही. अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’मध्ये (२०१६) म्हटलं होतं की गंभीर साहित्यिक कादंबरी हवामानबदलाला टाळते आणि तो विषय विज्ञानकथेच्या खात्यात ढकलला जातो. रॉबिन्सन त्याच खात्यातले मानले जातात, आणि त्यांच्या पुस्तकाचं मूल्यमापनही बऱ्याच ठिकाणी ‘कल्पना किती उपयोगाच्या’ या मापाने झालं.

तिचं पहिलं प्रकरण मात्र सगळ्यांनी एकमुखाने नावाजलं. उत्तर प्रदेशातल्या एका गावात दमट उष्णतेची लाट येते, वीज जाते, फ्रँक मे हा मदतकार्यासाठी आलेला अमेरिकन तरुण दवाखान्यात लोकांना आसरा देतो. शेवटी सगळे तळ्यात उतरतात, पण तिथलं पाणीही अंगापेक्षा गरम असतं. घामाने शरीर थंड होण्याची सोयच संपते. हे भडक न होता लिहिलं आहे, म्हणून जास्त बोचतं. त्या लाटेत दोन कोटी माणसं मरतात.

त्यानंतर पुस्तक झ्युरिकला जातं. पॅरिस करारातून जन्मलेलं एक मंत्रालय, त्याची आयरिश प्रमुख मेरी मर्फी, मध्यवर्ती बँकांना पटवून आणलेलं कार्बन चलन (कार्बन हवेत जाऊ न देणाऱ्यांना मोबदला म्हणून मिळणारं), हिमनद्यांखालचं पाणी उपसून त्यांचा समुद्राकडे सरकण्याचा वेग कमी करण्याचा खटाटोप. एकूण १०६ प्रकरणं, त्यांतली कित्येक दीड-दोन पानांची. कुठे बैठकीच्या टिपणासारखी, कुठे निनावी साक्षीदाराची, कुठे थेट कार्बनच्या अणूच्या तोंडची. ‘हे व्याख्यान आहे’ ही तक्रार इथूनच येते, आणि ती खरी आहे. बँका आणि तज्ज्ञ जग सावरतील हा भाबडा विश्वास आहे, असाही आक्षेप आला. माझ्या मते अधिक गंभीर गोष्ट हिंसेची आहे. विमानं पाडणं, उद्योगपतींना मारणं हे सगळं कथेत घडतं, त्याने जग सुधारतंही, पण मरणाऱ्यांचा हिशेब पुस्तक नीट मांडत नाही.

पात्रं सपाट असल्याची तक्रार ‘मिनिस्ट्री’बद्दलही होते. ती मेरीपुरती मान्य. फ्रँकबद्दल अजिबात नाही. त्या लाटेतून जिवंत वाचल्याचं ओझं घेऊन तो एका रात्री मेरीच्या घरात घुसतो आणि ‘तुम्ही पुरेसं का करत नाही’ असा जाब विचारतो. ती बसलेली, घाबरलेली, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य आहे हे कळत असलेली. लँचेस्टर यांच्या अख्ख्या पुस्तकात दोन माणसांमध्ये एवढा ताण कुठेच नाही.

आता निवड. गोष्ट हवी असेल, दोन-तीन बैठकांत संपणारं पुस्तक हवं असेल, तर ‘द वॉल’. पानं तीनशेच्या आत आहेत. वाचनगटासाठीही मी तीच सुचवेन: पहारेकऱ्याला समुद्रात सोडण्याच्या नियमावरच तासभर चर्चा होते. ‘पुढे काय करता येईल’ हा प्रश्न छळत असेल आणि अर्थकारणाची पानं वाचायची तयारी असेल, तर ‘मिनिस्ट्री’ घ्या. ती साडेपाचशे पानांच्या पुढे जाते. सलग वाचण्याचा हट्ट धरू नका. कार्बन चलनावरची प्रकरणं जड गेली तर वगळून फ्रँक आणि मेरीचा धागा पकडा, वगळलेली नंतर एकेक करून वाचता येतात.

आणि जवळचं कुणी उष्णतेच्या लाटेत गमावलं असेल, तर ‘मिनिस्ट्री’चं पहिलं प्रकरण सोडून दुसऱ्यापासून सुरुवात करा. तिथे काय घडलं ते पुढे फ्रँकच्या बोलण्यातून समजत जातं.