लेक व्ह्यू मिळाला, ऊन नाही: कोमो सरोवराकाठच्या घरात साडेपाच महिने

उन्हाळ्यातले फोटो बघून आम्ही हिवाळ्यासाठी घर भाड्याने घेतलं. ही एक चूक सोडली तर घराला नावं ठेवण्यासारखं फारसं काही नाही. पण ती चूक ८९ दिवस भोगली, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही दोघंही इटलीत, मिलानमध्ये नोकरीला, आणि दोघांनाही महिन्यातून तीन-चारदाच ऑफिस गाठावं लागतं. कोमो सरोवराकाठची सुट्टीची घरं सप्टेंबरनंतर रिकामी पडतात आणि काही मालक ती महिन्याच्या बोलीवर, उन्हाळ्याच्या मानाने खूप स्वस्तात देतात, असं ऑफिसातल्या एकीने सांगितलं. १५ सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर, महिना ७५० युरो, वीज वेगळी. गाव लेझेनो.

नकाशात बघाल तर हे सरोवर उलट्या वाय अक्षरासारखं दिसतं. डाव्या पायाच्या टोकाला कोमो शहर, उजव्या पायाच्या टोकाला लेक्को, आणि दोन पाय फुटतात तिथे बेलाजिओ. लेझेनो डाव्या पायावर, बेलाजिओच्याच काठाला, पाण्याच्या कडेकडेने लांबच लांब पसरलेलं. समोर सरोवरातलं एकुलतं एक बेट, कोमाचिना. पाठीशी डोंगर, तो अगदी पाठीला टेकल्यासारखा.

घर जुनं, दगडी, दोन खोल्यांचं. रस्त्यापासून ९४ पायऱ्या. (जाहिरातीत ‘थोड्या पायऱ्या’.) बाल्कनी मात्र अशी, की पहिल्या संध्याकाळी आम्ही बॅगा न उघडता तिथेच बसून राहिलो. या सरोवरावर हवा चांगली असली की पहाटे उत्तरेकडून तिवानो नावाचा वारा येतो आणि दुपारी दक्षिणेकडून ब्रेवा. दोन-तीन आठवड्यांत घड्याळ न बघता नुसत्या पाण्याच्या तरंगांवरून साधारण वेळ कळायला लागली. सप्टेंबरात स्वयंपाकघरातल्या टेबलावर चांगलं चार-पाच तास ऊन असायचं. मी त्या महिन्यात पाच तारे देऊनही टाकले होते. तो रिव्ह्यू आता बदलला आहे.

ऑक्टोबरात एकदा खालच्या घरातल्या आजीबाई जिन्यात भेटल्या. फेब्रुवारीपर्यंत राहणार म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण ऐन पावसात छत्री न घेता निघालेल्या माणसाकडे बघतो. मग हसून एक म्हण ऐकवली: ‘लेझेनो देल्ला माला फोर्तूना, दिन्वेर्नो सेन्झा सोले, देस्ताते सेन्झा लूना.’ म्हणजे, फुटक्या नशिबाचं लेझेनो, हिवाळ्यात सूर्य नाही आणि उन्हाळ्यात चंद्र नाही. मला वाटलं, असेल काहीतरी गावागावांतली चिडवाचिडवी. ही म्हण सगळ्या सरोवराला पाठ आहे, हे नंतर कळलं.

६ नोव्हेंबरला बारा वाजून गेल्यावर बाल्कनीच्या कठड्यावर हातभर लांबीचा उन्हाचा पट्टा आला, काही मिनिटं थांबला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र असून आलाच नाही. समोरचा काठ मात्र लख्ख सोनेरी.

आता यात गूढ काही नाही. शाळेतली भूमिती आहे, ती घर घेताना करायची असते एवढंच. कोमो सरोवर साधारण ४६ अक्षांशावर येतं. २१ डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर चढतो. आमच्या दक्षिणेचा कडा घरापासून दीड किलोमीटरवर आणि घरापेक्षा ८०० मीटर उंच. म्हणजे सूर्याला डोकं वर काढायला २८ अंश हवेत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर तेवढी उंची तो गाठतच नाही. आणि चंद्र? उन्हाळ्यातली पौर्णिमा आकाशात जवळपास हिवाळ्यातल्या सूर्याच्याच वाटेने जाते, दक्षिणेकडून, बुटकी. म्हणून तोही डोंगराआडच. म्हण रचणाऱ्याने गणित मांडलं नसेल, पण वर्षानुवर्षं खिडकीतून बघितलं असणार.

हे जागेवर तपासायची सोपी युक्ती सांगते. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. क्षितिजाच्या पातळीपासून सुरुवात करून मुठीवर मूठ ठेवत दक्षिणेकडच्या डोंगराच्या शेंड्यापर्यंत मोजायचं. या अक्षांशावर दोन मुठींपेक्षा जास्त भरलं तर हिवाळ्यात कधी ना कधी ऊन गायब होणारच. आमचा कडा तीन मुठींना थोडासाच कमी होता. बाल्कनीत उभं राहून तीस सेकंदांत कळलं असतं. आम्ही तेव्हा सूर्यास्ताचे फोटो काढत होतो. आणि घर बघायला जाणं जमत नसेल तर समोच्च रेषांचा नकाशा पुरतो. उंचीतला फरक भागिले अंतर: उत्तर एक-तृतीयांशाच्या खूप वर गेलं की सावध व्हायचं.

एकट्या लेझेनोचंच हे दुःख नाही म्हणा. पियेमोन्तेमधल्या विगानेल्ला गावाने तर दरवर्षी ११ नोव्हेंबर ते २ फेब्रुवारी सूर्य दिसत नाही म्हणून २००६ साली डोंगरावर ८ बाय ५ मीटरचा आरसा बसवला आणि चौकात ऊन पाडून घेतलं. आमच्याकडे आरसा नव्हता. आई होती.

आई नोव्हेंबरच्या मध्याला आली, जानेवारीच्या मध्याला परत गेली. दोन महिन्यांत तिला घरात ऊन एकदाही दिसलं नाही. पहिल्याच सकाळी शाल गुंडाळून बाल्कनीत आली आणि म्हणाली, “अगं, ते ऊन तिकडेच का बसलंय?” दत्तजयंतीच्या पौर्णिमेला चंद्र जवळपास डोक्यावर आला, कारण हिवाळ्यातली पौर्णिमा उलट उंचावरून जाते. आईचं म्हणणं, “चंद्र येतो आणि सूर्य येत नाही, हे कसलं गं गाव!” शेवटी आठवड्यातून दोनदा आम्ही बसने बेलाजिओ, तिथून फेरीने कादेनाब्बिया, पुन्हा बसने ओसुच्चो असं करत ऊन खायला जायला लागलो. समोरचाच काठ, पण तिथे उतारावर ऑलिव्हची झाडं आणि भिंतींवर ऊबदार पिवळेपणा. आमच्या मागच्या उतारावर शेवाळ आणि नेचे. झाडं खोटं बोलत नाहीत. घर निवडताना आसपास ऑलिव्ह आहेत की भिंती हिरव्या आहेत, एवढं बघितलं तरी अर्धं काम होतं. ओसुच्चोच्या बाकावरून आमचा काठ दिसायचा: निळा, थंड, आणि फोटोत भलताच सुंदर.

ऊन नाही म्हणजे नेमकं काय होतं, ते राहिल्याशिवाय कळत नाही. बाहेर कडाका नसतो. सरोवर ४०० मीटरपेक्षा खोल आहे, गोठत नाही, काठची हवा सौम्य ठेवतं. थंडी आत असते. दगडी भिंती एकदा गार पडल्या की पडल्या. कपाटात टांगलेला नवऱ्याचा चामड्याचा पट्टा तीन आठवड्यांत हिरवा झाला. कपडे वाळायला तीन दिवस, आणि वाळल्यावरही दमट वास. शेवटी हवेतला ओलावा शोषणारं मशीन आणलं. रोज संध्याकाळी त्याची टाकी दोन-दोन लिटर पाण्याने भरलेली असायची. आधी गंमत वाटली, मग जरा किळस.

गरम करायला पेलेट स्टोव्ह. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या, १५ किलोची गोणी. या पट्ट्यात घरं तापवायला परवानगी १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, म्हणजे कायद्याची अडचण नव्हती. अडचण ९४ पायऱ्यांची होती. थंडीत दिवसाला एक गोणी. नवऱ्याने पहिल्या आठवड्यात ‘जिमचे पैसे वाचले’ असा विनोद केला, तो पुन्हा केला नाही. स्टोव्ह ऊब झकास देतो, पण त्याचा पंखा सतत घरघरतो, राख रोज काढावी लागते, आणि वीज गेली की तोही बंद.

आणि वीज जायची. कंपनीच्या कृपेने नाही, आमच्याच हाताने. इटलीत साध्या घरगुती जोडणीला ३ किलोवॅटची मर्यादा असते. गीझर चालू, इंडक्शनवर तवा, आणि कुणीतरी हेअर ड्रायर लावला की फट्. मीटर कुठे? खाली, रस्त्यालगतच्या पेटीत. आईची तव्यावरची पोळी अर्धी कच्ची, घर काळंकुट्ट, आणि नवरा मोबाईलच्या उजेडात ९४ पायऱ्या उतरतोय, हे दृश्य डिसेंबरात चार वेळा झालं. पाचव्यांदा टळलं, कारण तोवर आईने नियम घालून दिला: काहीही लावायच्या आधी मोठ्याने “गीझर?” असं ओरडायचं आणि दुसऱ्याने “बंद!” म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. अजूनही सवय गेलेली नाही. मिलानच्या घरात मध्यवर्ती हीटिंग आहे, तरी मी ओरडते.

मालकांबद्दल: माणूस सभ्य. करार ३० दिवसांपेक्षा जास्त असल्याने कर कार्यालयात नोंदवावा लागतो, तो स्वतःहून नोंदवला. युरोपीय संघाबाहेरचा माणूस राहायला आला की ४८ तासांत पोलिसांना कळवावं लागतं, तेही केलं, आईच्या वेळीसुद्धा. खोटं त्यांनी काही सांगितलं नाही. उन्हाचं आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

जाहिरातींच्या भाषेचं मात्र सांगते, कारण आम्ही तिथेही ठेचकाळलो. ‘बिलोकाले’ म्हणजे दोन खोल्या, दोन बेडरूम नव्हेत. आई दोन महिने सोफ्यावर झोपली. ‘विस्ता लागो’ म्हणजे सरोवर दिसतं, मग ते न्हाणीघराच्या खिडकीतून का असेना. ‘फ्रोंते लागो’ म्हणजे अगदी समोर, पण मध्ये रस्ता असू शकतो. ‘कारात्तेरीस्तिको’, म्हणजे खास ढंगाचं, असं लिहिलं की डोकं सांभाळा: बुटकी दारं, अरुंद वळणाचा जिना. १ जानेवारी २०२५ पासून सुट्टीसाठी भाड्याने देण्याच्या घराला चिन नावाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक असावा लागतो आणि तो जाहिरातीत द्यावा लागतो. तो नसेल तर पुढे जाऊच नका. ज्या घरात काही जळतं तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हेही पहिल्या दिवशी स्वतः बघा. आमच्याकडे होता, चालू होता.

हिवाळ्यात बोटींच्या फेऱ्या कमी होतात. कोमोला जाणारी बस घाटासारख्या अरुंद रस्त्याने, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला पाणी, अशी जाते आणि समोरून ट्रक आला की दोन्ही ड्रायव्हर हातवारे करत गाड्या मागेपुढे घेतात. गंमत आहे, ऑफिसची ट्रेन पकडायची नसेल तर. रोज मिलान गाठायचं असेल त्याने पूर्व काठावरची वारेन्नाच्या बाजूची गावं बघावीत, तिथे रेल्वे आहे. तिथे डोंगर पूर्वेला, म्हणून सकाळी ऊन उशिरा, पण दुपार चांगली मिळते.

पुढच्या हिवाळ्यासाठी आम्ही शोध सुरू केलाय, समोरच्या काठावर. फोटो आता शेवटी बघतो. आधी नकाशा, मग फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले जुने रिव्ह्यू (उन्हाळ्यातल्या माणसाला सगळंच आवडतं), मग मालकाला एकच प्रश्न: ‘क्वान्ते ओरे दी सोले अ दिचेंब्रे?’ डिसेंबरात किती तास ऊन? एकाने लगेच २० डिसेंबरच्या दुपारचा बाल्कनीचा फोटो पाठवला, भाडं १०० युरोंनी जास्त सांगितलं, आणि आम्हाला ते जास्त वाटलं नाही. जून ते ऑगस्टसाठी विचाराल तर लेझेनोचं घर डोळे झाकून घ्या, हेही सांगते. हिवाळ्यासाठी माझे तीन तारे, त्यातला एक बाल्कनीचा.

ऊन परत कधी येणार हे काढणं सोपं होतं. गेलं ते २१ डिसेंबरच्या ४५ दिवस आधी, म्हणजे येणार ४५ दिवसांनी. फ्रिजवरच्या कॅलेंडरमध्ये ४ फेब्रुवारीला गोल केला. ४ तारखेला ढग. ५ तारखेलाही ढग. ६ तारखेला साडेबारा वाजून गेल्यावर कठड्यावर तोच पट्टा आला, मग सरकत सरकत दारातल्या ओल्या कपड्यांच्या स्टँडवर चढला. मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन उन्हात धरला. तिने क्षणभर बघितलं.

“बोलत काय बसलीयस,” ती म्हणाली, “आधी गाद्या काढ बाहेर.”