वरच्या सहा फळ्या खऱ्या होत्या

काकूंचा फोन आला माघातल्या एका सकाळी. "दादा, टेबलाला भेग पडलीय. नाणं उभं राहील एवढी."

वासणा रोडवरच्या त्यांच्या नव्या फ्लॅटवर गेलो. टेबलाच्या मधल्या दोन फळ्यांचा सांधा सुटलेला, एका बाकाचा पाय पिळलेला. सगळं काम खिळा न मारता केलेलं, दसऱ्याला मीच पोचवलं होतं. बडोद्यात आमची सुतारकामातली तिसरी पिढी. आजोबा सयाजीरावांच्या कलाभवनात शिकलेले. ते सांगायचे, लाकूड टोकाकडून बघावं. मी वरून बघितलं.

झालं असं. आषाढात काकूंसाठी टेबल, दोन बाकं आणि एक लांबट कपाट करायचं ठरलं. लातीत, म्हणजे वखारीत, गेलो. वखारवाल्याशी आमचा वडिलांपासूनचा व्यवहार. सीपी साग, म्हणजे जुन्या मध्य प्रांताकडचा सागवान, ४,२०० रुपये घनफूट. वीस फळ्या: सात फूट लांब, आठ इंच रुंद, दीड इंच जाड. रुंदी नि जाडी इंचात, लांबी फुटात, गुणाकाराला १४४ ने भागायचं. वीस फळ्यांचे ११.६७ घनफूट, ४९,००० रुपये. वरच्या दोन-तीन फळ्या मोजल्या, बरोबर दीड इंच. बाकीच्या मोजायला लागलो तर म्हणाला, "घरनो ज माल छे, भाई." बाहेर टेम्पो उभा, पाऊस सुरू झालेला. मीही लाजलो. या लाजण्याचेच पैसे गेले.

टोकांना लाल रंग लावलेला होता. त्यात गैर काही नाही, टोकं तडकू नयेत म्हणून वखारीत लावतातच. पण त्याच रंगाखाली आतला पक्का गाभा किती, बाहेरचं कच्चं पांढरं लाकूड किती तेही झाकलं जातं. कारखान्यात रंधा मारला तेव्हा वरच्या सहा फळ्या अस्सल निघाल्या. खालच्या चौदा सव्वा इंची. म्हणजे फक्त मापातच सुमारे ५,७०० रुपयांना चाट. त्यांतल्या कित्येकांच्या कडा पांढऱ्या, तपकिरी रंग फासून गाभ्यासारख्या केलेल्या. रंधा फिरला की रंग जायचा, ताज्या भुशाला ओलसर वास यायचा.

इथे माझी चूक सांगायलाच हवी. तेव्हाच माल परत करायला हवा होता. पण दसरा तोंडावर आलेला, काकूंची आगाऊ रक्कम घेतलेली. चौदाही फळ्या वापरल्या. पांढऱ्यावर पॉलिश चढवलं, टेबलाची जाडी इंचावर आली, आणि काकूंना काही बोललो नाही. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं. पावसाळी हवेत जे धरलं होतं ते थंडीत सुटलं.

ओल मोजायचं मीटर नंतर घेतलं. फर्निचरला साधारण दहा-बारा टक्के ओल चालते. ताडपत्रीखाली एकावर एक रचून ठेवलेल्या उरलेल्या सहा फळ्यांत तेव्हाही १९ निघाली. म्हणजे ज्यांना मी अस्सल म्हणत होतो त्याही ओल्याच. जाडी नि रंग बघून खूश झालो होतो, एवढंच.

वखारवाला म्हणाला, "लाकूड आहे, हलणारच." माझ्याकडे कागद कुठला, तर कच्ची चिठ्ठी. तीवर नुसतं "टीक, २० नंग". वकील म्हणाले, स्वतःच्या हातानं पोट भरणाऱ्या कारागिराला जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फीही नाही, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर आधी तक्रार करा. पण बिलावर जात, माप, जाडी, तारीख लिहिलेली हवी. माझ्या चिठ्ठीवर यातलं एकही नाही. तुम्ही कारागीर असा वा गिऱ्हाईक, माल उतरवण्याआधी हे लिहून घ्या आणि टोकाचा इंचभर तुकडा कापून आतून बघा. कापू देत नसेल तर टेम्पो परत पाठवा.

काकूंना सगळं सांगून टाकलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतंस तर दिवाळीपर्यंत थांबले असते रे." टेबल दुसऱ्या लाकडात माझ्या खर्चानं करून देतोय. सहा फळ्यांमध्ये आता पट्ट्या घालून त्या वाऱ्यावर ठेवल्यात. वाळल्या की त्यांचे पाट करीन.