स्टीलचं बोंडलं (पालाडाई): कमी दिवसांच्या बाळासाठी वापरलेलं, ५ पैकी ४ स्टार

माझी मुलगी ३१ आठवड्यांतच झाली, वजन १४५० ग्रॅम. बाटल्यांचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात पण बोंडल्याबद्दल (बाळाला दूध पाजायची चोच असलेली छोटी वाटी) कुणी नीट लिहिलेलं मला तेव्हा मिळालं नाही, म्हणून लिहितेय.

सुरुवातीला तिला तोंडातून पोटात सोडलेल्या नळीने दूध होतं, दर दोन तासांनी २ मिली. मला पहिले दोन दिवस चिकाचे थेंबच यायचे, ते सिस्टर सिरिंजमधे ओढून घ्यायच्या, आणि कमी पडेल तेवढं मिल्क बँकेतलं दूध मिळालं (आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या सायन हॉस्पिटलमधे १९८९ ला सुरू झाली हे मला तेव्हा कळलं, दूध देणाऱ्या बायकांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही). मग ३३व्या आठवड्यात (आठवडे गरोदरपणापासूनच मोजतात) सिस्टर म्हणाल्या आता पालाडाई सुरू करू. आईने ती बघितली आणि म्हणाली, "अगं हे तर आपलं बोंडलं!"

डॉक्टरांनी सांगितलं की चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तिन्ही एकत्र जमायला साधारण ३४ आठवडे लागतात, त्याआधी बाळ चोखता चोखता दमतं, पण ओठाला लागलेलं दूध जिभेने घेऊन गिळू शकतं. बोंडल्याचं काम तेवढंच.

पहिलं मी ऑनलाइन मागवलं, ते परत केलं. चोचीच्या टोकाला धार होती, माझ्याच बोटाला लागली, ते बाळाच्या ओठाला कसं लावणार? आजीचं चांदीचं पण घरात होतं, पण त्याला नक्षी आणि चोचीपाशी डाग दिलेला जोड, त्या खाचेत दूध अडकून राहायचं. शेवटी तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानातून साधं, बिनजोड, आतून गुळगुळीत स्टीलचं घेतलं. दहा मिनिटं पाण्यात उकळलं की काम झालं, ब्रश घालायला कुठे कोपराच नाही. बाटलीचं बूच, निपल, त्या रिंगा सगळं धुण्यापेक्षा रात्री तीन वाजता हे खूप सोपं पडतं.

पाजायची पद्धत मात्र सिस्टरकडून समोर बसून शिका. बाळ पूर्ण जागं पाहिजे, मांडीवर अर्धवट बसतं धरायचं, डोकं आणि मान हाताने सावरायची. चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची आणि दूध फक्त ओठापर्यंत आणायचं, आत ओतायचं नाही. ती जीभ बाहेर काढायची, घोट जायचा, मग मधेच थांबून दोन-तीन श्वास घ्यायची, तेवढा वेळ मी पण थांबायचे. २० मिलीला पंचवीस मिनिटं लागायची सुरुवातीला. एकदा घाईत जरा जास्त वाकवलं तर ठसका लागून ओठांभोवती निळसर झाली, सिस्टर शेजारीच होत्या म्हणून निभावलं. घरी आल्यावर सासूबाई म्हणायच्या "पटकन पाज गं, भूक लागलीये तिला", त्यांना मी शेजारी बसवून एकेक घोट दाखवला, नंतर त्याच माझ्यापेक्षा छान पाजायला लागल्या.

एक स्टार कापलाय कारण आत मिलीच्या खुणा नाहीत, दर वेळी सिरिंजने मोजून ओतावं लागतं. आणि हनुवटीखालून ओघळतंच, स्वच्छ रुमाल ठेवा आणि तो किती भिजला तेही बघा, नाहीतर वहीत २० मिली लिहिलेलं असतं आणि पोटात १५ गेलेलं असतं. तसंच दुधात एचएमएफची (आईच्या दुधातलं पोषण वाढवणारी) पावडर मिसळत असाल तर ती तळाशी बसते, पाजताना मधूनमधून हलकं हलवत राहा.

३५ आठवड्यांना १८०० ग्रॅमची होऊन घरी आली, आधी अंगावर आणि मग उरलेलं बोंडल्याने असं अजून तीन आठवडे चाललं, नंतर अंगावरच पोट भरायला लागलं. दुकानातून घेताना चोचीच्या आतून करंगळी फिरवून बघा, कुठे खरखर लागली तर दुसरं मागा, दुकानदार काढून देतात.