परसातल्या दहा कोंबड्यांसाठी: तयार खाद्य, घरचे मिश्रण की नुसते धान्य?

अंड्यावर आलेली एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे दहा कोंबड्यांना रोज किलोभरापेक्षा थोडे जास्त लागते आणि ५० किलोचे पोते सुमारे दीड महिना पुरते. कोणते खाद्य घ्यावे हे ठरवताना बहुतेक जण किलोमागचा भाव पाहतात. परंतु लहान कळपाच्या बाबतीत घेतलेले खाद्य किती दिवसांत संपणार आणि तोवर ते चांगले राहणार का, हा प्रश्न भावापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, जिथे पावसाळ्याचे चार महिने हवेतच ओल असते.

पहिला पर्याय सर्वांत जुना, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मूठभर कणी, बाजरी, ज्वारी किंवा भरडलेला मका टाकणे आणि बाकीचे कोंबड्यांनी उकिरड्यावर, शेताच्या बांधावर उकरून मिळवणे. मोकळे फिरायला पुरेशी जागा असेल आणि कोंबड्या गावरान असतील, तर ही पद्धत आजही चालते, कारण वर्षाला साठ-सत्तर अंडी देणाऱ्या कोंबडीची गरज किडे, गांडुळे आणि हिरवा पाला यांतून बऱ्याच अंशी भागते. अडचण येते ती गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती पाळल्यावर किंवा जागा कुंपणात बंदिस्त असल्यावर. मक्यात आणि कणीत प्रथिने आठ-नऊ टक्के असतात, तर अंड्यावरच्या कोंबडीला सोळा टक्के तरी लागतात. कॅल्शियमची तूट याहून मोठी आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि दिवसभराच्या मक्यातून मिळणारे कॅल्शियम ग्रॅमच्या दशांशालाही पोहोचत नाही. नाचणीने हे भागेल असा समज कोकणात आढळतो. माणसाच्या आहारात नाचणीचे कॅल्शियम मोलाचे आहे हे खरे, पण कोंबडीला लागणाऱ्या साडेतीन टक्क्यांच्या तुलनेत नाचणीत ते जेमतेम एक दशांश भरते. उरलेली गरज कोंबडी स्वतःच्या हाडांतून भागवते, आणि मग पातळ कवचाची, कधी नुसत्या पडद्याची अंडी दिसू लागतात.

दुसरा पर्याय तयार लेअर खाद्याचा, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी बनवलेल्या खाद्याचा. त्यात हा हिशेब आधीच बसवलेला असतो. ते भुकटीच्या म्हणजे मॅशच्या, गोळी फोडून केलेल्या चुऱ्याच्या आणि गोळीच्या रूपात मिळते. मॅशमध्ये कोंबड्या मक्याचे कण वेचून खातात व पूड भांड्यात सोडतात, तशीच सांडलवंडही होते. गोळीत निवड करायला वाव राहत नाही. तिन्ही मिळत असतील तर लहान कळपासाठी मी चुरा किंवा गोळी निवडेन. मात्र पोत्यावरचा प्रकार नीट वाचून घ्यावा. पिल्लांना वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेले स्टार्टर लागते, आणि लेअर खाद्यातील कॅल्शियम वाढीच्या वयातील तलंगांच्या (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांच्या) मूत्रपिंडांना सोसत नाही, म्हणून ते अंडी सुरू होण्याच्या सुमारासच द्यावे. स्वस्त पडते किंवा शेजारच्या पोल्ट्रीतून उरलेले मिळते म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांना ब्रॉयलरचे खाद्य घालणे मला पटत नाही: त्यात कॅल्शियम कमी असते आणि बऱ्याचदा रक्ती हगवणीवरचे औषधही मिसळलेले असते.

तिसरा पर्याय घरी मिश्रण करण्याचा. साठ किलो भरडलेला मका, बावीस किलो सोयाबीन पेंड, आठ किलो तांदळाचा कोंडा, आठ किलो शिंपल्यांची किंवा चुनखडीची भरड आणि उरलेल्या दोन किलोंत खनिजे, जीवनसत्त्वे व थोडे मीठ, असे प्रमाण धरले तर प्रथिने सोळा टक्क्यांच्या थोडी वर जातात. कच्चे सोयाबीन भरडून घालणे चुकीचे ठरते, कारण त्यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. उष्णतेची प्रक्रिया झालेली पेंडच वापरावी. खनिजे व जीवनसत्त्वे आधी दोन-तीन किलो भरड्यात मिसळून मगच पूर्ण ढिगात कालवावी लागतात, नाहीतर एका घासात जास्त आणि दुसऱ्यात काहीच नाही, असे होते. घरचा मका असेल आणि कोंबड्या तीस-चाळीस असतील, तर या खटपटीला अर्थ आहे. दहा कोंबड्यांसाठी शंभर किलोचे मिश्रण तीन महिने पुरेल, आणि इतका काळ भरडलेला मका व तेलकट कोंडा टिकत नाही. कोंडा तर काही आठवड्यांतच खवट होतो.

म्हणून परसातल्या दहा-बारा कोंबड्यांसाठी माझे मत स्पष्ट आहे: मुख्य आहार तयार लेअर खाद्याचा असावा, संध्याकाळी खुराड्यात परतताना मूठभर अख्खे धान्य द्यावे, आणि शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात कायम ठेवावी. पावसाळ्यात दुकानदार सुटे देत असला, तर आपल्यासमोर फोडलेल्या पोत्यातले पंधरा-वीस दिवसांपुरतेच घ्यावे, भाव थोडा जास्त पडला तरी.

साठवणीत मुख्य शत्रू ओल आहे. धान्यातील ओलावा चौदा टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते, आणि तिच्यातील एका प्रकारातून अफ्लाटॉक्सिन हे यकृत पोखरणारे विष तयार होते. गोणपाटाचे पोते हवा खेळती ठेवते, पण पावसाळ्यात तीच हवा ओल आत आणते, आणि उंदरांना ते एका रात्रीचे काम आहे. प्लास्टिकचे घट्ट झाकणाचे पिंप ओलीपासून चांगले वाचवते. घुशी असलेल्या घरात मात्र तेही कुरतडले जाते, तिथे पत्र्याची कोठीच घ्यावी. पत्रा उन्हात तापून रात्री गार झाला की आतल्या बाजूस पाणी धरतो, म्हणून कोठी सावलीत, भिंतीपासून हातभर दूर आणि लाकडी फळीवर ठेवावी. उंदरांचा बंदोबस्त खाद्य वाचवण्यापुरताच नाही. कोकणात लेप्टो या तापाचा धोका असताना त्यांच्या मुताने भिजलेले खाद्य हाताळणे माणसालाही महागात पडू शकते. जुने खाद्य पूर्ण संपवून, भांडे पुसून व उन्हात वाळवूनच नवे भरावे, कारण तळाशी चिकटलेल्या थरातूनच सोंडे आणि बुरशी वर चढतात.

गठ्ठे धरलेले, कुबट वासाचे किंवा हिरवट डाग पडलेले खाद्य उन्हात वाळवून परत घालण्याचा मोह टाळावा: वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, तयार झालेले विष तसेच राहते. ते गाईम्हशींपुढेही टाकू नये, कारण हे विष दुधात उतरते. कोंबड्या उकरू शकणार नाहीत इतके खोल पुरून टाकावे.