ऑक्सिजन सेन्सर आणि "ईसीएम प्रोग्रामिंग"चे साडेसहा हजार घेतले, सेन्सर बदललाच नव्हता

ज्यांच्या डॅशबोर्डवर पिवळी इंजिन चेक लाईट लागलीये आणि गॅरेजवाला "ईसीएम प्रोग्रामिंग करावं लागेल" म्हणतोय (ईसीएम म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) त्यांच्यासाठी लिहितोय, पैसे देण्याआधी एवढं वाचा प्लीज.

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस४. मुंबईहून येताना कसारा घाटात लाईट लागली. चालायला काही फरक नाही, पिकअप नॉर्मल, फक्त एव्हरेज थोडं उतरल्यासारखं वाटत होतं. नाशिकला घराजवळच्या गॅरेजात नेली, चांगलं मोठं गॅरेज आहे, बाहेर कॉम्प्युटराइज्ड स्कॅनिंगचा बोर्ड. पोराने स्टीअरिंगखाली स्कॅनर लावला, मालक स्क्रीन बघून म्हणाले, "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. नवा टाकतो, पण नवा सेन्सर ईसीएम ओळखत नाही, लॅपटॉपवरून प्रोग्रामिंग करून रिसेट मारावा लागतो, त्याशिवाय गाडी चालणार नाही." सेन्सर (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजून ईसीएमला कळवतो तो) ४,२०० आणि प्रोग्रामिंग २,३००. एरर काय आलाय दाखवा म्हटलं तर "ते तुम्हाला नाही कळायचं." संध्याकाळी गाडी मिळाली, लाईट बंद, हातात कच्ची पावती. जुना सेन्सर मागितला तर भंगारात गेला म्हणे.

आठवडा व्हायच्या आत लाईट परत लागली. परत गेलो तर मालकांनी गाडीला हातही न लावता सांगितलं की मग तुमचा ईसीएमच उडालाय, नवा २८ हजार, नाहीतर ओळखीच्याकडून जुना बसवून देतो १२ हजारात. इथे मला शंका आली, कारण स्कॅनर न लावता हे कसं कळलं ते सांगायला कोणी तयार नव्हतं.

तिथून गाडी सिडकोतल्या एका वायरमन काकांकडे नेली, ते आयुष्यभर गाड्यांचं इलेक्ट्रिकचंच काम करतायत. त्यांनी स्कॅनर लावून पहिल्यांदा स्क्रीन माझ्याकडे फिरवली. कोड होता पी०१३५. काका म्हणाले, हा कोड हीटरच्या सर्किटचा आहे, म्हणजे सेन्सर मेलाच असं यावरून ठरत नाही. ऑक्सिजन सेन्सर गरम झाल्याशिवाय नीट रीडिंग देत नाही म्हणून त्याच्या आत छोटा हीटर असतो, त्याला वेगळ्या दोन वायरी असतात, करंट तुटला की ईसीएम हा कोड टाकतो. आता हीटर जळलाय, फ्यूज गेलाय, का वायर तुटलीये हे मीटर लावूनच कळतं, स्कॅनर फक्त कुठे शोधायचं ते सांगतो.

मग बोनेट उघडून टॉर्च मारला. सेन्सरच्या नटावर जुना गंज जसाच्या तसा, पाना लागल्याची एक खूणसुद्धा नाही. हे नट उष्णतेने इतके जाम होतात की पाना लावल्याशिवाय आणि कडा खरवडल्याशिवाय निघतच नाहीत. कपलरवर (सेन्सरच्या वायरी जोडायचा प्लग) धुळीचा थर, कोणी बोट लावलं नव्हतं. आणि कपलरच्या थोडं मागे हीटरची वायर उंदराने कुरतडलेली, तांबं उघडं पडून हिरवं झालेलं. काकांनी सेन्सरच्या हीटरचा रेझिस्टन्स तपासला, बरोबर आला, म्हणजे सेन्सर चांगलाच होता! वायर जोडली, सोल्डर केली, स्लीव्ह चढवली, कोड पुसला. ४५० रुपये. लाईट त्यानंतर लागलेली नाही आणि गाडीत अजून तोच कंपनीतून आलेला सेन्सर आहे.

म्हणजे त्या गॅरेजने केलं काय? स्कॅनरवर कोड पुसायचं बटण दाबलं, बस. ते काम एका मिनिटाचं आहे. काहीशे रुपयांत मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाईलवरचं अॅप यातूनही होतं. पुसल्यावर लाईट विझतेच, गाडी दुरुस्त झालेली असो वा नसो, आणि यातच बहुतेक लोक फसतात कारण अशा बऱ्याच फॉल्टला ईसीएम लगेच लाईट लावत नाही, पहिल्यांदा दिसला की नुसती नोंद ठेवतो आणि पुढच्या वेळी गाडी चालवताना परत दिसला तरच लाईट लावतो. तोपर्यंत तुम्ही पैसे देऊन घरी गेलेले असता.

उलट खरोखर दुरुस्ती झाली असेल तर साधारणपणे कोड पुसला नाही तरी चालतं. सलग तीन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी चालू करून, चालवून बंद केली की साधारण एक सायकल) फॉल्ट दिसला नाही की लाईट आपोआप जाते, कोड मेमरीतून जायला अजून वेळ लागतो एवढंच. आणि साध्या पेट्रोल गाडीला त्याच प्रकारचा नवा ऑक्सिजन सेन्सर टाकला तर ईसीएमला काही शिकवावं लागत नाही, पेट्रोल किती सोडायचं ते गाडी चालता चालता तो स्वतःच जुळवून घेतो.

आता सगळंच प्रोग्रामिंग खोटं असतं असं नाही हां. कॉमन रेल डिझेल गाडीचा इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा पार्ट) बदलला तर बऱ्याच गाड्यांत त्याच्यावर छापलेला कोड ईसीएममध्ये टाकावाच लागतो. ईसीएम बदलला तर चावी आणि इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) मॅच करावं लागतं. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली की काही गाड्यांत आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग, परत सेट करावं लागतं. ही कामं खरी आहेत आणि त्याचे पैसे द्यायला पाहिजेत. पण कुठलं काम ते नाव घेऊन सांगा म्हणा, नुसतं "ईसीएम रिसेट" एवढ्यावर हजारो रुपये देऊ नका.

गाडी देताना कोडचा फोटो काढून घ्या, पी आणि पुढचे चार आकडे, दुरुस्तीनंतर परत एक फोटो. पार्ट काढायच्या आधी सांगून ठेवा की जुना पार्ट मला पाहिजे. नट आणि कपलरचेही फोटो काढा, माझ्या सगळ्यात कामाला आले ते तेच फोटो. सेकंडहँड गाडी घेत असाल तर अजून एक बघा, बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तो आकडा स्कॅनरवर दिसतो. विकणारा म्हणतो काही प्रॉब्लेम नाही आणि तिथे ८-१० किमी दिसतायत, रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते दाखवणारे) अपूर्ण दाखवतायत, तर तुम्ही यायच्या आधीच लाईट विझवलेली असू शकते. चार-पाच दिवस नेहमीसारखी चालवून मग परत स्कॅन करू द्या म्हणावं.

फोटो घेऊन मी त्या गॅरेजमध्ये गेलो. आधी म्हणाले तुम्हीच जुना सेन्सर परत बसवला असेल. गंजलेला नट झूम करून दाखवल्यावर सेन्सरचे ४,२०० परत दिले, पण प्रोग्रामिंगचे २,३०० "मशीनचा चार्ज आहे" म्हणून ठेवून घेतले. जे काम झालंच नाही त्याचा चार्ज कसला? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवलीये. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार, व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. आमच्या सोसायटीतल्या अजून एकाला तिथूनच अशीच पावती मिळालीये, सेन्सर आणि ईसीएम प्रोग्रामिंग, तेच शब्द. रविवारी त्यांची गाडी काकांकडे नेतोय, नट बघायला.